आधी चाक बघू

इंदिरानगरातल्या माझ्या घरमालकांनी मला वरची खोली दिली ती माझा पगार विचारून नाही, जात विचारून नाही, मी मटण-मच्छी शिजवते का हेही विचारून नाही. त्यांनी माझ्या स्कूटीचं मागचं चाक बघितलं. मी आपली फाटकाशी उभी, हातात शाळेचं ओळखपत्र, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, सटाण्याहून सोबत आलेली आई जरा मागे. आणि हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस सरळ खाली उकिडवा बसला, चाकाच्या नटावर अंगठा फिरवला, अंगठ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "गंज आहे. पण वरवरचा. पोरगी आळशी आहे, वाईट नाही. कधी येतेस राहायला?"

आई परतीच्या एसटीत बसेपर्यंत आमच्या बोलीत एकच वाक्य बोलत होती, "काय माणूस शे हाऊ! काय माणूस शे!"

मला खरं तर राग आला होता. आळशी म्हणे! ओळख ना पाळख. पण भाडं परवडणारं होतं, खोलीला हवा-उजेड होता, आणि घरमालकीण काकूंनी जाता जाता हातात भाकरी आणि ठेच्याची पुडी दिली होती. मी गेले राहायला.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मग मीही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांचा उभा जन्म यंत्रांच्या देखभालीत गेला होता. निवृत्त होऊन घरी आले आणि करायचं काय? काकू म्हणायच्या, "यंत्रं राहिली तिकडे, हात तेवढे घरी आले. त्या हातांना काहीतरी नको का? माझे डबे-डुबे आवळून झाले, कुकरची मूठ आवळून झाली, देवळाबाहेर लोकांच्या चपला तेवढ्या सोडल्या म्हणायच्या." मग काकांच्या नजरेला गाड्यांची चाकं पडली. चाक म्हणजे टायर नव्हे, रिम नव्हे. चाक धरून ठेवणारे ते चार-पाच नट. बास. जगातली बाकी कुठलीच गोष्ट त्यांना तितकीशी महत्त्वाची वाटत नसे.

रविवारी सकाळी काका गल्लीत निघायचे. एका हातात जुन्या बरणीत डिझेल, दुसऱ्या हातात दात घासायचा टाकून दिलेला ब्रश, खांद्यावर फडकं. कोणाची गाडी, कोणाची परवानगी, प्रश्नच नाही. आपण दात घासत गॅलरीत यावं तर खाली आपल्या गाडीच्या चाकाशी कुणाची तरी पाठ दिसते. समोर नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच रविवारी "चोर, चोर" म्हणून बोंब ठोकली. काकांनी मान वर करून शांतपणे सांगितलं, "ताई, चोर असतो तर चाक नेलं असतं. पुसत बसलो असतो का?"

त्यांचं एक भाषण ठरलेलं होतं. कोणीही तावडीत सापडलं की सुरू. "इंजिन गाडी पळवतं, म्हणून त्याला सगळे मान देतात. हॉर्न ओरडतो, त्याच्याकडे सगळे बघतात. आणि धरून कोण ठेवतं? नट! त्याला पाणी कोण विचारतं? कोणी नाही. मग तो गंजतो. का नाही गंजणार? मी पण गंजलो असतो." इथे ते आपल्या पोर्चमधल्या गाडीकडे हात करायचे. छोटी, पांढरी, जुनीपुराणी गाडी, महिन्यातून एखादेवेळी जेमतेम गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायची. पण तिचे नट बघावेत! लख्ख. काकू म्हणायच्या, माझ्या मंगळसूत्राला एवढी चकाकी नाही.

आता कोणी म्हणेल, काय ज्ञानी माणूस. छे! ज्ञान होतं, पण त्यापेक्षा अतिरेक जास्त. माझी स्कूटी एकदा पाथर्डी फाट्यावर पंक्चर झाली. पंक्चरवाला पान्याला लोंबकळला, तरी नट हलेना. घाम पुसत म्हणाला, "मॅडम, हे कोणी आवळलंय?" मी म्हटलं, आमच्या घरमालकांनी. त्याने पाना खाली ठेवला. "इंदिरानगरवाले काका का? मग माझ्याच्याने नाही होणार. त्यांनाच बोलवा."

आणि दातांचं प्रकरण तर कहरच. काकांची दाढ ठणकत होती. काकूंनी हातापाया पडून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. पाच मिनिटांत गृहस्थ दाढेसकट घरी परत. का? तर डॉक्टरांची गाडी दवाखान्याखाली उभी होती आणि तिच्या चाकाचे नट तांबडे झाले होते. "जो स्वतःचं चाक बघत नाही तो माझी दाढ काय बघणार?" पुढे सबंध आठवडाभर लवंग चघळत, गालाला फडकं बांधून हिंडले. शेवटी गेले त्याच डॉक्टरांकडे. दाढ इतकी अलगद निघाली की काकांनाच कळलं नाही. मग उपकाराची फेड म्हणून डॉक्टर पेशंट तपासत असताना खाली जाऊन त्यांच्या चारी चाकांचे नट घासून आले. डॉक्टरांनी त्यांना काय म्हटलं ते काकांनी कधी सांगितलं नाही.

पण एकदा मात्र सगळ्या गल्लीची बोलती बंद झाली. शेजारच्या घरातल्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाची गाडी फुलांनी मढवलेली, बँड वाजतोय, करवल्या नटून बसलेल्या. आणि काका इस्त्रीच्या सफारीत मागच्या चाकाशी आडवे! नवरदेवाचे वडील तापले, "अहो काका, मुहूर्त टळतोय!" काका आडव्यानेच म्हणाले, "मुहूर्त पुढे ढकलता येतो. चाक एकटंच पुढे गेलं तर काय कराल?" आणि उठून दोन बोटांनी एक नट फिरवून दाखवला. बाटलीचं बूच फिरावं तसा फिरत होता. गॅरेजवाला आवळायलाच विसरला होता. काकांनी घरून पाना आणून तो आवळला, बाकीचेही बघितले, मग नवरदेवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा आता. सुखाने संसार कर." त्या दिवसापासून काकांना येडं म्हणायच्या आधी लोक जरा थांबायला लागले.

एवढं सगळं ठीक होतं. गंमत होती. पण काकांना एक मुलगी होती, प्रज्ञा. आणि तिच्या लग्नाच्या वेळी ही गंमत गळ्याशी आली.

प्रज्ञा माझ्याहून थोडी लहान. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मला ताई म्हणायची, आणि संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन पाय वर घेऊन बसायची. तिच्यासाठी स्थळं यायची. चांगली, शिकलेली. पाहुणे दारात उतरले की काका "जय भीम, या या" म्हणून हात जोडायचे, पाहुण्यांना आत काकूंच्या हवाली करायचे आणि म्हणायचे, "तुम्ही बसा, पाणी घ्या. आधी चाक बघू." पाच मिनिटांनी परत यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असायचा. एका बँकेतल्या मुलाच्या चाकांचे नट बाहेरून चकचकीत दिसत होते. काकांनी नख लावून ओढलं तर वरची प्लॅस्टिकची टोपी हातात आली आणि आत गंजच गंज. तो मुलगा पोहे संपवायच्या आत बाद. दुसरा तर म्हणाला, "नट बघायला ड्रायव्हर आहे ना!" मग काय बोलायलाच नको.

काकू वैतागायच्या. "अहो, पोरगी देताय का पासिंग करताय?" पण मला एकदा भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "तुला सांगू का, नटाचं नाव पुढे करतो हा माणूस. एकुलती एक पोर आहे. जाऊच द्यायची नाहीये त्याला." त्या हे हसत बोलल्या, पण मग पदराने डोळे पुसले.

आणि अशात प्रज्ञाला सुमेध आवडला. सुमेध ओझरच्या विमान कारखान्यात होता. वडील वारलेले, आई आणि तो. एका मैत्रिणीच्या साखरपुड्यात ओळख झाली आणि वर्षभर दोघं बोलत होती. प्रज्ञाने मला स्पष्टच सांगितलं, "ताई, लग्न करेन तर ह्याच्याशीच. पण पप्पांच्या मनाविरुद्ध नाही करणार. ते नाही म्हणाले तर मी आयुष्यभर अशीच राहीन, पण त्यांना दुखवणार नाही." बापावर अशी माया असलेली मुलगी. आणि बाप नटांवर अडलेला! मला दोघांचाही राग यायचा.

पाहुणे रविवारी यायचे ठरले. शनिवारी शाळा अर्धा दिवस. प्रज्ञाने सुमेधला गाडी घेऊन माझ्या शाळेच्या मैदानात बोलावलं. मी गाडीकडे बघितलं आणि डोक्यालाच हात लावला. अहो, नट कुठले, तांबड्या मातीचे गोळे होते! गाडी त्याच्या वडिलांची, उघड्यावर ऊन-पाऊस खात उभी राहिलेली.

"अरे, तू विमानं जोडतोस ना?" मी ओरडलेच.

"ताई, तिकडे तपासणारे दहा जण असतात," तो ओशाळून म्हणाला. "इथे मीच एकटा."

"मग दुसऱ्याची गाडी घेऊन ये उद्या!"

"नाही. बाबांची आहे, हीच आणणार. आणि खोटं कशाला?" मुलगा मला तिथेच आवडला, पण त्याला सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसायला नको.

द्वारका चौकातल्या दुकानातून त्याने चारी चाकांचे नवीन नट आणले होते. कामाला लागलो. एकेक जुना नट काढायचा, आतला आटा तारेच्या ब्रशने साफ करायचा, नवीन बसवायचा. सुमेधचा हात चांगला होता, घाई नाही, आदळआपट नाही. प्रज्ञा नट हातात देत होती. ऊन उतरायला लागलं तोवर सगळे बदलून झाले. फक्त मागच्या डाव्या चाकाचा एक नट काही केल्या हलेना. पाना सटकायला लागला, नटाच्या कडा झिजायला लागल्या. सुमेध थांबला. म्हणाला, "आता जोर लावला तर आतला बोल्टच तुटेल. राहू दे."

"राहू दे काय!" मी म्हटलं. "काका नेमका हाच बघणार."

मग आम्ही दोघींनी जे केलं ते दोन शिकलेल्या बायकांनाच सुचू शकतं. माझ्या पर्समध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेली चंदेरी नेलपॉलिश होती. प्रज्ञाने मांडी घालून बसून त्या नटाला दोन हात दिले. फुंकर मारून वाळवला. लांबून बघितलं तर फरक कळत नव्हता. सुमेध नको नको म्हणत होता. आम्ही त्याला गप्प बसवलं.

रविवारी मी मुद्दामच पोर्चमध्ये उभी राहिले. प्रज्ञा वरून खिडकीतून बघत होती. सुमेधच्या आईला काकूंनी आत नेलं. काका म्हणाले, "आधी चाक बघू."

पुढचं चाक. अंगठा फिरवला. "नवीन घातलेत. कोणी?"

"मीच, काका. काल."

"हं." दुसरं चाक. तिसरं चाक. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं, मला वाटलं हसू असावं. माझा जीव भांड्यात पडला. मग मागचं डावं. काका वाकले. अंगठा फिरवला, थांबले. नाक जवळ नेलं आणि चक्क हुंगलं. मग नखाने खरवडलं. चंदेरी पापुद्रा त्यांच्या नखाला चिकटून वर आला.

"हा काय प्रकार?"

वर खिडकीतून प्रज्ञा गायब झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमेधच बोलला. "हा निघाला नाही, काका. कडा झिजत होत्या. अजून ताकद लावली असती तर बोल्ट तुटला असता, म्हणून सोडून दिला."

"ताकद लावली नाहीस?"

"नाही."

"आणि ही नेलपॉलिश?"

"ती आम्ही घाबरून लावली."

"कोणाला घाबरून?"

"तुम्हाला."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "विमानाला पण नेलपॉलिश लावता का रे?"

"नाही काका. विमानाची एवढी भीती वाटत नाही."

आणि काका हसले. असे हसले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग इस्त्रीचा शर्ट काढून तो माझ्या हातात दिला आणि बनियनवर जमिनीवर बसकण मारली. "गंजाशी कधी भांडायचं नाही. त्याला डिझेल पाजायचं आणि गप्पा मारत बसायचं. ये, बस."

झालं! पाहण्याचा कार्यक्रम राहिला बाजूला. जावई व्हायला आलेला मुलगा पांढऱ्या पँटवर चाकापाशी आणि सासरा बनियनवर त्याच्या शेजारी. थोडं डिझेल, थोडी हलकी ठोकाठोक, पुन्हा डिझेल, मध्ये चहा. एकलहऱ्याच्या गोष्टी, ओझरच्या गोष्टी. आत सुमेधची आई काकूंना विचारत होती, "ताई, मुलगी कधी दाखवणार?" काकू म्हणाल्या, "बाहेर चाक पास झालं की." तोवर प्रज्ञाच पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सरळ त्या दोघांजवळ पायरीवर बसली. तिला कोणी बघितलंच नाही. दोघंही नट बघत होते.

शेवटी नट किंचाळला आणि फिरला. सुमेधने हळूहळू काढला. काकांच्या तळहातावर पडताच त्याचे उभे दोन तुकडे झाले.

"मेला बिचारा," काका म्हणाले. "आण, नवीन आण."

सुमेधने खिसे चाचपले. मग डिकी उघडली. मग त्याचा चेहरा उतरला. "काका, तो... ओझरला टेबलावर राहिला."

काकांनी कपाळावर हात मारला. "धन्य! आता एक नट कमी घेऊन हायवेला जाणार? आईला घेऊन? माझ्या दारातून तशी गाडी बाहेर पडणार नाही." रविवार, द्वारकेची दुकानं बंद. काका आत गेले, पलंगाखालून नट-बोल्टांचे डबे काढले, ओट्यावर ओतले, धुंडाळले आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाही बुवा. ह्या मापाचा एकही नाही."

मग ते आपल्या पांढऱ्या गाडीपाशी गेले. क्षणभर उभे राहिले. पाना लावला, एक लख्ख नट काढला, फडक्याने पुसला, आणि आपल्या हाताने सुमेधच्या चाकाला बसवला. दोन्ही गाड्यांचे नट एकाच मापाचे होते. गल्लीतले दोघं-तिघं बघत होते, त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काका म्हणाले, "माझी गाडी उभीच असते. उभ्या गाडीला तीन नटही चालतात."

गाडी गेली. वळणावर दिसेनाशी झाली तरी काका फाटकाला धरून उभे. होकार नाही, नकार नाही. प्रज्ञाचा धीर सुटला. "पप्पा," ती म्हणाली, आणि फाटकाशी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात ओटा आवरायला गेलेल्या काकू हातात एक डबा घेऊन तरातरा बाहेर आल्या. "अहो, नाहीत म्हणालात ना? मग हे काय?" डब्यात कागदात गुंडाळलेले चार नट होते. नवे कोरे, त्याच मापाचे. आम्ही तिघी काकांकडे बघायला लागलो.

काका फडक्याने हात पुसत राहिले. मग मुलीच्या डोक्यावर तो डिझेलचा हात ठेवला.

"डब्यातला काय गं," ते म्हणाले, "डब्यातला कोणालाही देता येतो."